चौकात गर्दी आहे म्हणून तिथं स्टेशन होत नाही

आठवडाभर ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: 'शिरोली ते कागल मेट्रो करा, प्रत्येक चौकात स्टेशन द्या, कोल्हापूरची कोंडी मिटलीच. पुण्यात झालं, आपल्यात का नको?' आमच्या तालमीच्या ग्रुपवर तर याला अंगठ्यांचा पाऊस पडला. मेट्रोशी माझं वैर नाही, पुण्याला गेलो की मीही तीच धरतो. पण हा मेसेज तसाच पुढं ढकलायचा नाही.

'प्रत्येक चौकात स्टेशन.' सकाळी दाभोळकर कॉर्नरला उभं राहा आणि गर्दीतल्या दहा जणांना विचारा. एक कसबा बावड्याहून राजारामपुरीत निघालाय, एक फुलेवाडीहून उचगावला, एक कळंब्याहून सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती स्टँडवर, एसटी पकडायला. चौक एक, वाटा दहा. मेट्रोला लागतो तो एका सरळ पट्ट्यात, एका दिशेनं, लांब जाणारा लोंढा. चौकातली गर्दी मोजून तो कळत नाही. माणूस घरातून कुठं, किती वाजता जातो आणि वाटेत पोराला शाळेत सोडतो का, भाजी घेतो का, हे घरोघरी विचारावं लागतं.

शिवाय गाडी थांबवणं फुकट नसतं. वेग कमी करणं, दारं उघडणं, परत वेग घेणं यात एका थांब्याला साधारण मिनिटभर जातं. पुण्याच्या मेट्रोत साधारण किलोमीटरला एक स्टेशन आहे. शिरोली-कागल वीसेक किलोमीटर धरा. अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर स्टेशन दिलं तर वीस थांबे वाढले, म्हणजे वीस मिनिटं वाढली. मग कागलचा कामगार दुचाकी का सोडेल?

त्या कामगाराचंच बघू. गोकुळ शिरगाव काय, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत काय, कारखाने हायवेपासून आत पसरलेत. स्टेशन हायवेवर, शेड दीड-दोन किलोमीटर आत. रात्रपाळी सुटल्यावर तेवढं चालायचं, नाहीतर वडापची जीप शोधायची. माझ्या मते या मेसेजातली सगळ्यात कच्ची वीट हीच.

'कोंडी मिटेल.' शनिवार-रविवारी बिंदू चौकात अडकतात त्या अंबाबाईला आलेल्या परगावच्या गाड्या. कागलच्या मेट्रोनं त्या कमी होणार नाहीत. आणि आपला राजारामपुरी ते महाद्वार रोड प्रवास दोन-तीन किलोमीटरचा. स्टेशनपर्यंत चालणं, जिना, तपासणी, गाडीची वाट आणि उतरून पुन्हा चालणं, एवढ्यात दुचाकीवाला पोहोचून चहा पिऊन झालेला असतो.

राहिलं 'पुण्यात झालं.' 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून 48 लाखांवर, कोल्हापूर साडेपाच लाख. तिथंही मार्च 2022 मध्ये वनाज-गरवारे आणि पिंपरी-फुगेवाडी असे सुटे तुकडे सुरू झाले तेव्हा गाड्या बऱ्याचदा रिकाम्याच पळायच्या. ऑगस्ट 2023 मध्ये दोन्ही मार्गिका सिव्हिल कोर्टाला जुळल्या, तेव्हा कुठं प्रवासी वाढले. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर 2014 पासून भरून वाहते, कारण अंधेरी आणि घाटकोपरला ती लोकलला भेटते. कागलला आपली मेट्रो कुणाला भेटणार?

पैशाचं दोन ओळींत. पुण्याचा पहिला टप्पा 31.25 किलोमीटरचा, मंजूर खर्च 11,420 कोटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या वर. भुयार नको म्हणून निम्मा दर धरला तरी शिरोली-कागलचे साडेतीन हजार कोटी होतात. केंद्राचं 2017 चं मेट्रो धोरणही आधी बससारखे स्वस्त पर्याय तपासा म्हणतं.

तो पर्याय डोळ्यांसमोर आहे: असलेली रेल्वे आणि तिला जोडून बस. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 पासून धावते. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही स्टेशनं त्यावर बांधून तयार आहेत. मेसेज पाठवायचाच तर हा पाठवा: सकाळची गाडी कोल्हापूरच्या शाहू टर्मिनसला लागली की दहा मिनिटांत गोकुळ शिरगावची केएमटी बस सुटली पाहिजे.