18 रुपयांची खोली

शनिवार पेठेतला आमचा वाडा परवापासून उतरवायला घेतलाय. पाडायला नाही, उतरवायला. बोळात पोकलेन शिरत नाही, त्यामुळे वरचा मजला माणसांनीच मोकळा करायचा. आधी कौलं, मग वासे, मग दोराला बांधून एकेक तुळई खाली. सागवान आहे, कंत्राटदाराचा सगळा जीव त्यातच. मातीला कोण विचारतंय!

काल सकाळी जाऊन उभा राहिलो. एका पोराने पहार घातली आणि पांढऱ्या मातीची हातभर जाडीची भिंत आवाजही न करता बसली. धूळ विरली तर समोर आमची खोली. निम्मीच. ताईच्या लग्नाच्या वेळी मारलेला निळा डिस्टेंपर, दिव्याच्या काजळीने काळी पडलेली देवळी, दाराजवळची बाबांच्या छत्रीची खुंटी. आंघोळीला बसलेलं असताना कुणी दार उघडावं, तसं झालं अगदी.

फोटो काढून वाड्याच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत बाणेरहून, कोथरूडहून, न्यू जर्सीहून रडके चेहरे. 'पुण्याचा आत्मा हरवला.' 'बिल्डरांनी शहर खाल्लं.' आणि माझं डोकं फिरलं.

अरे, आपण भाडं किती देत होतो? आमच्या दोन खोल्यांचं 18 रुपये. 1947 च्या भाडे कायद्याने 1940 सालच्या भाड्यालाच खुंट मारून ठेवला होता, तो अर्धशतकभर हलला नाही. 2000 साली नवा कायदा लागू झाला आणि मालकांना दरसाल 4 टक्के वाढ मिळाली. 18 रुपयांवर 4 टक्के म्हणजे 72 पैसे. पावसाळ्यात छत गळायला लागलं की बाबा मालकांकडे जायचे. मालक म्हणायचे, "18 रुपयांत कौलं येतात का हो?" बाबा म्हणायचे, "मालक कोण, तुम्ही की मी?" दोघांचंही खरं होतं. आणि दोघंही खोली सोडायला किंवा खर्च करायला तयार नव्हते. त्यात मालकांच्या चार भावांचं हिश्शांवरून कोर्टात. शेवटी आम्ही पातेली मांडायचो.

आजी जिन्याची सातवी पायरी दाखवायची. 12 जुलै 1961, पानशेत फुटलं तेव्हा पाणी तिथवर आलं होतं. खालच्या भिंती विरघळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला आणि पुढे त्यातच विटा भरून घेतल्या. पूर पचवलेला हा वाडा एका गळक्या पन्हळीने मेला. पाणी वर्षानुवर्षं एकाच खांबाच्या बुडाशी मुरत होतं. आम्हा अकरा बिऱ्हाडांना ते रोज दिसत होतं.

आणि चौकातल्या गप्पा, अंगतपंगत, सगळं मान्य. पण अकरा बिऱ्हाडांत संडास दोन, तेही मागच्या अंगाला. रात्री अंधारात जिना उतरायला लागू नये म्हणून आई संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही. हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. आईला विचारलं, वाडा पाडतायत, वाईट वाटतं का? म्हणाली, "लिफ्ट असणारे का नव्या इमारतीला?"

आमचं सोडा, तो काही ऐतिहासिक वगैरे नव्हता. पण भिडेवाडा? फुले दांपत्याने 1848 साली जिथे मुलींची शाळा काढली ती वास्तू. दगडूशेठसमोर, भर बुधवार पेठेत, लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत खंगत गेली. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आणि 2023 च्या डिसेंबरात पाडायची वेळ आली. आता ती जागा स्मारकासाठी. पाडल्यावर हळहळणाऱ्यांत मीही होतो. त्याआधी आरतीला गेलो की पाठ तिकडे करूनच उभा राहायचो.

म्हणून बिल्डरला शिव्या देणं मला जमत नाही. तो शेवटी आला, फक्त उचलायला.

निघताना मुकादमाला म्हटलं, ती दाराजवळची खुंटी मिळेल का? त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "शिसवी आहे साहेब. पाचशे द्या."

मी म्हटलं, "तीनशे."

मालकांचा मुलगा शेजारीच उभा होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.