आकृतीत डोळा काढा

पेन्सिल पाण्यात तिरकी बुडवली की वाकडी दिसते, हे सहावी-सातवीतलं कुठलंही मूल सांगतं. का, असं विचारलं की "प्रकाशाचं अपवर्तन होतं म्हणून" हेही सांगतं. मग मी विचारते, "वाकतं नक्की काय? पेन्सिल, प्रकाश की तुझी नजर?" इथे बहुतेक मुलं थांबतात. मुलांना विज्ञान शिकवताना हा प्रश्न मी इतक्यांदा विचारलाय की आता माझं ठाम मत झालंय: प्रकाश शिकवताना आपण सगळ्यात महत्त्वाची गोष्टच गाळतो. डोळा.

परावर्तनाची नेहमीची आकृती आठवा. खाली आरसा, मधे स्तंभिका (पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेषा), डावीकडून आपाती किरण येतो, उजवीकडे परावर्तित किरण जातो, दोन्ही कोन सारखे. बाण काढायला विसरलं तर गुण जातो. पण तो परावर्तित किरण जातो कुठे? कागदावर मधेच कुठेतरी संपतो. त्याच्या टोकाशी बघणारं कुणी नसतं. मुलांना मग ती भूमितीतली आणखी एक रचना वाटते. आपल्याला दिसतं कसं, याच्याशी तिचं काही नातं आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

एखाद्या लहान मुलाला विचारून बघा, समोरचं झाड तुला कसं दिसतं? "मी त्याच्याकडे बघतो म्हणून." मग उजेड कशाला लागतो? "नीट दिसावं म्हणून." त्याच्या मनातल्या चित्रात नजर डोळ्यातून निघते आणि झाडाला जाऊन भिडते. आपली भाषाही त्याला हेच शिकवत असते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, नजर रोखतो. त्याच्या उत्तराला कुणी हसू नये. इ.स.पू. ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने डोळ्यातून किरण निघतात असंच मानून दृष्टीची सगळी भूमिती मांडली होती. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथमने पद्धतशीरपणे मांडलं ते सुमारे हजार वर्षांपूर्वी. त्याचा एक मुद्दा तर कुठल्याही मुलाला पटेल असा होता: प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. मोठमोठ्या डोक्यांना जे उमगायला तेराशे वर्षं गेली, ते आपण पहिल्या तासाला एका वाक्यात उरकतो आणि लगेच कोन मोजायला बसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मी सुरुवात आरशाने करते, पण कोनमापक न घेता. टेबलावर पांढरा कागद, त्यावर छोटा सपाट आरसा. खोलीत अंधार करायचा. वरून सरळ खाली टॉर्चचा झोत टाकायचा, असा की अर्धा आरशावर आणि अर्धा कागदावर पडेल. पण टॉर्च लावण्याआधी मुलांना विचारायचं, बाजूला उभं राहून बघितलं तर जास्त उजळ काय दिसेल? जवळजवळ सगळे आरसा म्हणतात. टॉर्च लागतो. कागद लख्ख उजळतो आणि आरसा काळा दिसतो.

ती शांतता मला फार आवडते. आरशाने प्रकाश खाल्ला का? नाही, वर छताकडे बघा, तिथे उजेडाचा ठिपका आहे. आरशाने प्रकाश एकाच दिशेने परत पाठवला आणि त्या दिशेला आपला डोळा नाही. कागदाचा पृष्ठभाग बारीक नजरेने पाहिला तर खडबडीत असतो, त्यामुळे तो प्रकाश सगळीकडे उधळतो आणि त्यातला थोडा प्रत्येकाच्या डोळ्यात शिरतो. जे डोळ्यात आलं तेच दिसलं. एवढं एकदा मनात बसलं की नियमित आणि अनियमित परावर्तनाच्या व्याख्या मुलं स्वतःच्या शब्दांत सांगतात. टॉर्चच्या झोताचंही तसंच. स्वच्छ हवेत तो बाजूने दिसतच नाही. दिसतात ते त्यात तरंगणारे धुळीचे कण. (यासाठी लेझर पॉइंटर मुलांच्या हातात देऊ नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते आणि टॉर्चने काम भागतं.)

दुसरा प्रयोग न्हाणीघरातला. आरशासमोर उभं राहून एक डोळा मिटायचा, डोकं हलवायचं नाही आणि साबणाच्या वडीने आरशावर दोन खुणा करायच्या: डोक्याचा वरचा भाग दिसतो तिथे आणि हनुवटी दिसते तिथे. मग अंतर मोजायचं. ते चेहऱ्याच्या निम्मं भरतं. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा खुणा करा, तरीही निम्मंच. मोठ्या माणसांनाही हे खरं वाटत नाही. कारण साधं आहे. आपण आरशापासून जितके पुढे, तितकीच प्रतिमा मागे, म्हणजे डोळ्यापासून प्रतिमेपर्यंतच्या वाटेवर आरसा नेहमी बरोबर मध्यावर. पण डोळा न काढता ही आकृती पूर्ण करून दाखवा! होतच नाही.

आता वाकणं, म्हणजेच अपवर्तन. अपारदर्शक वाडग्याच्या तळाशी एक नाणं ठेवायचं. मुलाने हळूहळू मागे सरकायचं, नाणं कडेआड जेमतेम दिसेनासं झालं की थांबायचं. मग आपण वाडग्यात सावकाश पाणी ओतायचं. नाणं जणू वर येतं आणि दिसायला लागतं. नाणं हललं नाही, वाडगं हललं नाही, मूलही जागचं हललं नाही. मग बदललं काय? नाण्याकडून वर निघालेले जे किरण आधी मुलाच्या डोक्यावरून निघून जात होते, ते आता पाण्यातून हवेत येताना आडवे झुकून थेट त्याच्या डोळ्यात शिरतात. डोळ्याला मात्र या वळणाचा पत्ता नसतो. प्रकाश सरळच आला असणार असं तो धरून चालतो आणि त्या सरळ रेषेत मागे जाऊन नाणं तिथे ठेवतो. पुस्तकातली तुटक रेषा ती हीच. ती प्रकाशाची वाट नाही, डोळ्याची समजूत आहे. आरशामागची प्रतिमाही याच समजुतीने तयार होते, आणि हे दोन धडे एकच आहेत हे मुलांना कुणी सांगत नाही.

प्रकाश का वाकतो, याचं उत्तर वेगात आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. मुलांची एक रांग हातात हात घालून घट्ट जमिनीवरून चिखलात तिरकी शिरतेय असं समजा. आधी शिरलेली मुलं मंदावतात, बाकीची अजून वेगात असतात, रांग वळते. समोरून सरळ शिरली तर सगळी एकदमच मंदावतात आणि वळण येत नाही.

हे परीक्षेपुरतं ज्ञान नाही. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे हवेतला प्रकाशाचा वेग पाण्यातल्या वेगाच्या किती पट तो आकडा, सुमारे १.३३, त्यामुळे ४ फूट खोल पाणी सरळ वरून पाहिलं तर ३ फूटच वाटतं, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. पोहता न येणाऱ्या मुलाला ही गोष्ट पाण्यात उतरण्याआधी माहीत असलीच पाहिजे.

परवा एका मुलीने वहीत नाण्याची आकृती काढली, डोळ्यासकट. मग तिने डोळा खोडून पाण्यात काढला. "माशाला वर काय दिसेल?" तिने विचारलं. आम्ही मिळून रेषा काढल्या. शांत पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग, अगदी क्षितिजापर्यंतचं, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या खिडकीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाचा शंकू सुमारे ९७ अंशांचा. त्या खिडकीच्या बाहेर काय, हे ती विचारणार हे मला माहीत होतं. तिथे पाण्याचा पृष्ठभागच आरसा होतो आणि तळाचं प्रतिबिंब दाखवतो. मी ते सांगितलं नाही. पेन्सिल तिच्याच हातात ठेवली, आणि ती पृष्ठभागावर पुढची स्तंभिका काढायला लागली.