काका, तुम्ही ॲडजस्टिंग आहात

मांजराच्या ब्रीडवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, हे ज्ञान मला गेल्या शनिवारी डोंबिवलीत, जनावरांच्या डॉक्टरच्या दाराबाहेरच्या बाकावर, न मागता मिळालं. सखूचं रेबीजचं वर्षाचं इंजेक्शन होतं. साडीच्या दुकानातून मिळालेल्या चेनवाल्या पिशवीतून तिचं डोकं बाहेर आलेलं, बाकीची सखू आत गुरगुरत. बायको सोबत होती. नंबर यायला वेळ होता.

समोरच्या खुर्चीत तो बसला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. मांडीवर पाठीला लावायची बॅग, तिला अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखी पारदर्शक घुमटी, आणि घुमटीच्या आत ठिपक्याठिपक्यांचं, बिबट्याच्या अंगचं एक मांजर. त्याने आमच्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचलं, आणि मग सखूकडे पाहिलं. याच क्रमाने.

“कुठली ब्रीड, काका?”

“मांजर आहे.”

“ते दिसतंय. ब्रीड?”

“आमच्याच बिल्डिंगमधली. बी विंग.”

“अच्छा, इंडी,” तो म्हणाला. इंडी म्हणजे देशी, बिनजातीचं. पोलिसांनी ‘अच्छा, हेल्मेट नाही’ म्हणावं त्या सुरात. “कितीला?”

“फुकट. स्वतःच आली. पावसाळा होता, जिन्यात बसली होती, आत आली, परत गेलीच नाही.”

“म्हणजे तुम्ही चूज नाही केली.”

“नाही.”

“तिने तुम्हाला चूज केलं.”

“तिने आमचा सोफा चूज केला.”

तो हसला नाही. मान हलवत राहिला, डॉक्टर एक्स-रे बघताना हलवतात तशी, आणि मग बॉम्ब टाकला. “मी एचआरमध्ये आहे, काका. कॅट बघून मी माणूस सांगतो. इंडी ठेवणारे लोक ॲडजस्टिंग असतात. लाइफमध्ये जे समोर येतं ते घेतात. अपग्रेड मागत नाहीत. दहा-दहा वर्षं एकाच जॉबमध्ये असतात.”

मी एकाच ठिकाणी नोकरी करतो हे खरं आहे, पण ते त्याला कुठून कळलं? मी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी बायकोने नवऱ्याची बाजू घ्यावी, निदान खोटं खोटं तरी खोकावं, एवढी माझी माफक अपेक्षा असते. ती म्हणाली, “अगदी बरोबर. टीव्हीचा रिमोट बिघडलाय दिवाळीपासून. उठून बटण दाबतो हा.”

“बघा! थँक्यू, मॅडम.”

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मी काका, आणि ती मॅडम. आमच्यात दीड वर्षाचं अंतर आहे, आणि मोठी ती आहे.

आता सगळं बाक जागं झालं. माझ्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर पांढरी पर्शियन होती. ब्रुनो असं भारदस्त नाव, आणि नाकाच्या जागी फक्त एक सूचना. “सेमी पंच आहे,” बाईंनी आपणहून सांगितलं. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: पर्शियन विकणारे लोक चेहऱ्याच्या चपटेपणावरून माल लावतात. नाक थोडं दिसत असेल तर डॉल फेस, दाबलेलं असेल तर सेमी पंच, आणि पूर्णच आत गेलं असेल तर पंच फेस. जितकं नाक कमी तितके पैसे जास्त. जगातला दुसरा कुठला माल मी पाहिलेला नाही ज्यात एक अवयव कमी भरल्याबद्दल गिऱ्हाईक वरचे पैसे मोजतं.

“मॅम, पर्शियन लव्हर्स रॉयल असतात,” एचआर म्हणाला. “बाहेरून कूल. पण आतून खूप इमोशनल. तुम्ही सगळ्यांसाठी करता, तुमच्यासाठी कोणी करत नाही.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रुनोच्या डोळ्यांतून आधीच येत होतं, ते त्याला कायमच येतं, चेहरा चपटा केला की अश्रूंची नळीही दुमडते. “आमच्या मिस्टरांना हे बावीस वर्षांत समजलं नाही हो,” बाई म्हणाल्या आणि एकाच रुमालाने आधी ब्रुनोचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

तिकडे कोपऱ्यात एक आजोबा गोणपाटात गुंडाळलेला कोंबडा घेऊन बसले होते. कल्याणच्या पलीकडच्या कुठल्याशा गावातून आले असावेत. ते मघापासून कान देऊन ऐकत होते. त्यांनी कोंबडा जरा पुढे केला. “आणि दादा, याच्यावरून आमचं काय निघतं?”

एचआर गंभीरपणे म्हणाला, “सॉरी आजोबा, मी फक्त कॅट्स करतो.”

आजोबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी कोंबडा परत झाकला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जो जिव्हाळा वाटला तो सख्ख्या मामाबद्दलही कधी वाटलेला नाही.

मग भविष्यवाणीला बहर आला. सयामी आवडणारे बोलके. मेन कून आवडणारे मोठा विचार करणारे, कारण मेन कून मोठी असते. (या न्यायाने हत्ती पाळणाऱ्यांनी एव्हाना देश चालवायला हवा होता.) ब्रिटिश शॉर्टहेअर आवडणारे शिस्तीचे. बॉम्बे नावाची एक काळीकुळकुळीत जात असते, ती आवडणारे मिस्टेरियस. ही बॉम्बे १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तयार झाली, बर्मीज आणि अमेरिकन शॉर्टहेअर यांचा संकर करून. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसावी ही इच्छा, म्हणून नाव बॉम्बे. तिने आयुष्यात सहा वाजून बावीसची फास्ट पकडलेली नाही. मी पकडतो, रोज, एका पायावर. पण मिस्टेरियस ती आवडणारा, आणि ॲडजस्टिंग मी.

तसं पाहिलं तर ब्रुनोचंही तेच. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२०च्या सुमारास इराणातून लांब केसांच्या मांजरांबद्दल घरी लिहीत होता, आणि ती रोमला न्यायची त्याची फार इच्छा होती. (हाच माणूस पुढे १६२३ला गोव्यात येऊन गेला, पण ते असो.) तेव्हापासून पर्शियनचा इराणी राजेशाही थाट चालू आहे. २००८ साली अमेरिकन संशोधकांनी जगभरच्या मांजरांचा डीएनए तपासला, तर आजची पर्शियन निघाली पश्चिम युरोपातल्या रस्त्यावरच्या मांजरांच्या गोतावळ्यातली. म्हणजे खानदान शोधत गेलं की शेवटी कुठलीतरी बी विंगच सापडते. हे सगळं मला बाकावर सुचलं असतं तर प्रश्नच मिटला असता. मला सुचलं ते “असं काही नसतं हो,” एवढंच. आणि एचआर म्हणाला, “बघा, काका कॉन्फ्लिक्टपण अव्हॉइड करतात.”

हे शास्त्र किती पक्कं आहे ते मी घरी येऊन शोधलं. रागाने शोधलं, त्यामुळे नीट शोधलं. हेलसिंकी विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ साली ५,७२६ मांजरांचा अभ्यास छापला. ब्रीडनुसार स्वभाव बदलतो, हे खरंच आहे. माणसाला जाऊन बिलगण्यात ब्रिटिश शॉर्टहेअर सगळ्यांत मागे. पण हा स्वभाव मांजराचा. मालकाच्या रिमोटबद्दल त्यात अक्षर नाही. आणि मालकाला आपलं वर्णन तंतोतंत पटतं, त्याचं गुपित बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ सालीच फोडलं होतं. त्याने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, आणि नंतर प्रत्येकाला त्याचं म्हणून एकच छापील स्वभाववर्णन दिलं. वाक्यं उचललेली राशिभविष्याच्या पुस्तकातून. सगळ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण दिले. ‘तुम्ही सगळ्यांसाठी करता, तुमच्यासाठी कोणी करत नाही’ हे वाक्य डोंबिवली स्टेशनवर कर्ण्यातून म्हटलं तर जिन्याजिन्यांवर माणसं थांबून डोळे पुसतील.

माझी अडचण वेगळीच आहे. मला आलेलं वर्णन कोणाच्याच डोळ्यांत पाणी आणणारं नव्हतं. भोंदूगिरीच करायची तर माझ्याही वाट्याला एखादं ‘आतून इमोशनल’ टाकायला काय हरकत होती? एक रुपयाचा खर्च नव्हता. पण नाही. फुकट मांजर, तर फुकटचा स्वभाव.

मध्येच काउंटरवरच्या मुलीने केसपेपर भरायला बोलावलं. नाव सखू, वय अंदाजे चार. ब्रीडच्या रकान्यात तिने मला न विचारताच ‘एन. डी.’ लिहिलं. मी विचारलं हे काय. “नॉन-डिस्क्रिप्ट, सर.” सरकारी पशुगणनेत ज्या गाईगुरांना कुठल्याच नावाजलेल्या जातीत बसवता येत नाही त्यांच्यापुढे हेच असतं. वर्णन करण्यासारखं काही नाही! सखूच्या कपाळावर एम आहे. उजवा पंजा पांढरा, बाकी तीन करडे. डाव्या कानाचं टोक कापलेलं, कोणा भल्या माणसांनी तिला आमच्याकडे येण्याआधीच पकडून नसबंदी करून सोडलं होतं त्याची खूण. नाकावर अर्धा काळा डाग, लिहिता लिहिता कोणी हाक मारल्यावर राहून गेलेला. दोन पानं भरतील एवढं वर्णन आहे. पण मुलगी चांगली होती, माझ्याशी सर म्हणून बोलली, म्हणून मी वाद घातला नाही. हेही बहुधा ॲडजस्टिंगमध्येच धरतात.

परत येऊन बसलो तेव्हा एचआर ब्रुनोच्या आईला फोनवर स्कॉटिश फोल्डचं पिल्लू दाखवत होता. त्याला पुढे तेच घ्यायचं आहे. कान पुढे दुमडलेले, डोळे गोल, सगळं बाक ‘ऑ’ म्हणालं. फोल्ड आवडणारे, कळलं, फार हळवे असतात. आता विनोद बाजूला ठेवून सांगतो. ते कान दुमडतात कारण त्या मांजराची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, सदोष असते. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका गोठ्यातल्या मांजरीत हा दोष पहिल्यांदा दिसला, आणि माणसांना तो गोड वाटला म्हणून पुढे वाढवला. दोष कानापुरता थांबत नाही. सांध्यांत जातो, पायांत जातो, शेपटी ताठरते, मांजर उडी मारायचं कमी करतं आणि घरचे म्हणतात, किती शांत स्वभाव आहे. ब्रिटनच्या मुख्य मांजर-संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. आणि इथे हळव्या माणसांची यादी लागली आहे. श्वास घेता येत नाही ते रॉयल, सांधे दुखतात ते शांत, आणि जे धडधाकट आहे, भिंतीवरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून तिसऱ्या मजल्यावर जातं, त्याच्या रकान्यात वर्णन नाही. यावरून माणसांचा स्वभाव कळतो हे मात्र मी मान्य करतो.

तेवढ्यात एचआरचा नंबर लागला. “बेंगाल म्हणजे लीडर,” उठता उठता त्याने स्वतःचंही सांगून टाकलं. “रिस्क टेकर.” लीडर घुमटीच्या आत तोंड वेडंवाकडं करत होता. दार उघडंच राहिल्यामुळे पुढचं सगळ्या बाकाला ऐकू आलं: लीडरने केसांना बांधायचे रबर गिळले होते. एकापेक्षा जास्त. डॉक्टर विचारत होते, किती, आणि एचआर म्हणत होता, सर, पाकीट संपलंय. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांकडे पाहिलं. कोंबडासुद्धा आरवला.

सखूने इंजेक्शन घेताना डॉक्टरांना, मला आणि कंपाउंडरला ओरबाडलं. यात काही विशेष नाही.

विशेष हे की शनिवारपासून आमच्या घरात तो शब्द राहायला आला आहे. गार चहा पुढे येतो, वर ‘ॲडजस्टिंग’. मेव्हणा चार दिवस येतोय, हॉलमध्ये कोण झोपणार, ‘इंडीवाले’. काल रात्री दुधी होता, परवाचाच. मी ताटाकडे बघत बसलो तर बायको म्हणाली, “चालतंय ना? की अपग्रेड हवंय?” मी म्हणालो, नकोय मला दुधी. स्पष्ट म्हणालो. चांगलं खणखणीत. तिने भुवया वर केल्या, आणि काही न बोलता तोच दुधी थोडा भातात कालवून, वर सुकटीचा चुरा पेरून सखूच्या ताटलीत घातला.

सखूने वास घेतला. सुकट तेवढी वेचून खाल्ली, ताटलीवर फरशी ओढल्यासारखा पंजा तीनदा घासला, घाण पुरतात तसा, आणि सोफ्यावर माझ्या जागेवर जाऊन बसली. मी खुर्ची घेतली. दुधी नंतर मीच संपवला, टाकवत नाही म्हणून.