अहिराणीनं जीभ जड होत नाही

घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ‘इंग्रजी उच्चार सुधारण्याचे पाच रामबाण उपाय’. असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा वाचून अमळनेरच्या ताईनं घरात फर्मान काढलं, की भाचीशी कोणी अहिराणीत बोलायचं नाही. आता तिच्या आजीला अहिराणीशिवाय दुसरं काही येत नाही. ‘काय करी ऱ्हायनी वं’ एवढं विचारायचीही म्हातारीला चोरी झाली. मी धुळ्यात पोरांना इंग्रजीच शिकवतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिला उपाय हाच. ‘घरात बोली बोलणाऱ्या मुलांची जीभ जड होते. ज्यांना ण आणि ळ नीट म्हणता येत नाही, त्यांना इंग्रजी काय जमणार?’ आता बोला! आपल्याकडे केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो, पाण्याचं पानी होतं, हे खरं. पण इंग्रजीत ळ आहे कुठे? आणि ण तरी कुठून आणणार? जो आवाज त्या भाषेला लागतच नाही, तो आला काय नि न आला काय!

अडतं ते भलतीकडेच, आणि तिथं शुद्ध ण-ळ म्हणणारे पुणेकरही आपल्याच रांगेत असतात. व्ही आणि डब्ल्यू या दोघांना आपण सगळे मिळून एकच ‘व’ वापरतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला दात लांब ठेवून ओठांचा चंबू करायचा. दुसरं म्हणजे ‘पिन’. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणारे असले प, ट, क हवेचा झोत घेऊन येतात. आपण कोरडा ‘प’ म्हणतो, मग परक्या कानाला पिनच्या जागी ‘बिन’ ऐकू येऊ शकतं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून पाहा. ‘पिन’ म्हणताना ती चांगली हलली पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना जेमतेम. हा झोत काही विलायतेहून मागवावा लागत नाही. ‘खान्देश’ म्हणताना ख वर तोच सोडतो की आपण, मराठीतही आणि अहिराणीतही. मग जीभ जड झाली कशी?

आणि आजीशी बोलणं तोडून पोरीला मिळणार काय? तर ताई आणि दाजी दिवसभर जे तोडकंमोडकं इंग्रजी बोलतील ते.

दुसरा उपाय, दातांत पेन धरून अर्धा तास वाचायचं. पेन दातांत असताना ओठांचा चंबू करून दाखवा, मग बोलू. लाळ तेवढी गळेल.

तिसरा, ‘21 दिवसांत अमेरिकन ॲक्सेंट, नाहीतर मुलाखतीत नापास’. कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांचा 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चिनी मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी त्यांनी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना ऐकवलं, ऐकलेलं लिहून काढायला सांगितलं आणि ॲक्सेंट किती जड वाटतो त्याला गुणही द्यायला लावले. ज्या बोलण्याचा ॲक्सेंट जड ठरला, त्यातलंही कितीतरी ऐकणाऱ्यांनी शब्दन् शब्द बरोबर उतरवलं होतं. म्हणजे परकेपणा कानाला जाणवतो, म्हणून बोलणं कळत नाही असं नव्हे. मुलाखत घेणाऱ्याला तुमचं उत्तर कळलं पाहिजे. तुम्ही टेक्सासचे वाटायची गरज नाही.

कळण्यात जास्त घोळ होतो तो जोर चुकल्यानं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. आपण सगळीकडे सारखाच. माझ्याकडची निम्मी पोरं ‘डेव्हलप’चा ‘डे’ हातोड्यानं ठोकतात, जोर असतो ‘व्हे’ वर. चांगल्या शब्दकोशात जोराच्या भागाआधी वर एक बारीक उभी रेघ असते. ती बघायची सवय लावा, मोबाइलवर शब्द ऐका, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ताडून पाहा. कंटाळवाणं आहे, पण काम करतं.

चौथा उपाय, इंग्रजी बातम्या ऐकत मागोमाग म्हणायचं. हा बरा आहे, करा.

पाचवा, ‘लहानपणीच सुरुवात करा’. यात तथ्य आहे, मान्य करावंच लागतं. लहान वयात नवे आवाज पटकन उचलले जातात, मोठेपणी शिकलेल्याच्या बोलण्यात मूळ भाषेची छटा बहुधा राहतेच. पण मग पोरीला इंग्रजी जास्त ऐकवा ना! त्यासाठी अहिराणी कशाला बंद करायची?

मेसेजच्या तळाशी एका क्लासचा नंबर आहे, पुढे ‘मर्यादित जागा’. ताई, फी भरली नसशील तर भरू नकोस. सुट्टीत पोरीला धुळ्याला पाठव, व्ही आणि डब्ल्यू मी करून घेतो. आणि आजीवरची बंदी आजच उठव.