महिनाभरात? छे!

एक पैसा न भरता महिनाभरात पोकरचा बँकरोल, म्हणजे खेळण्यापुरती बाजूला ठेवलेली रक्कम, उभा करा, असं लेखात म्हटलंय. लेखकदादा, ख्रिस फर्ग्युसन 2000 सालचा पोकरचा जगज्जेता. त्याने 2006 मध्ये शून्यापासून सुरुवात केली, तरी 10,000 डॉलरपर्यंत पोचायला त्याला दीडेक वर्ष लागलं. त्यातले कित्येक महिने नुसते फ्रीरोलमध्येच, म्हणजे फुकट प्रवेशाच्या स्पर्धांमध्येच गेले.

त्याचा खरा धडा तुम्ही एका ओळीत उरकलात. कॅश टेबलवर, म्हणजे थेट पैशांच्या खेळात, एकूण रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या टूर्नामेंटला 2 टक्के. आणि टेबलावरची रक्कम बँकरोलच्या 10 टक्क्यांवर गेली की जिंकत असलात तरी उठायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

मी म्हापशाला भाड्याच्या खोलीत असताना रात्र-रात्र फ्रीरोल खेळलोय. हजारो लोक, पहिल्याच डावाला निम्मे जण डोळे झाकून ऑल-इन, म्हणजे सगळे चिप्स पणाला. एकदा तीन तास टिकून शेवटच्या चौदात पोचलो आणि वीज गेली! राउटर बंद, मोबाइलला रेंज नाही. परत जोडेपर्यंत ब्लाइंड्सनी, म्हणजे पाळीपाळीने सक्तीने लावाव्या लागणाऱ्या पैजांनी, सगळे चिप्स खाल्लेले. हाती आले 18 रुपये, तेही काढता येईनात, कारण काढण्याची किमान मर्यादा त्याहून मोठी.

आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर देशात बंदच केलंय, हे लेखात कुठेच नाही. मांडवीतले कॅसिनो म्हणाल, तर तिथे आम्हा गोंयकारांना 2020 पासून प्रवेश नाही. पणजीच्या काठावरून दिवे तेवढे बघायचे.