सिंह पाहिजे की फ्रीज?

बेळगावात घर बांधायला काढलं की लोक बजेट नंतर विचारतात, आधी विचारतात, "आय कुठली आली?" ज्यांनी अजून घर बांधलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आय म्हणजे वास्तुशास्त्रातलं, घराच्या मापावरनं काढायचं शुभ-अशुभ. घराची लांबी गुणिले रुंदी, त्याला नऊनं गुणायचं, आठानं भागायचं आणि बाकी काय उरते ते बघायचं. एक उरला तर ध्वज, दोन धूर, तीन सिंह, चार कुत्रा, पाच बैल, सहा गाढव, सात हत्ती आणि काहीच उरलं नाही तर कावळा. एक, तीन, पाच, सात चांगले, बाकीच्यांना दारातनंच परत पाठवायचं.

आमचं साईट हिंडलग्याच्या बाजूला, जिथं जेल आहे तिकडं, ३० बाय ४०. इंजिनिअरनं चारी बाजूला सोडायची जागा सोडून २४ बाय ३२ चा मस्त प्लॅन काढून आणला, त्यात कार्पेट एरिया, व्हेंटिलेशन, डक्ट सगळं समजावून सांगितलं, आणि बाबा मान डोलवत होते म्हणून मला वाटलं चला पसंत पडला, पण ते मान डोलवत मनातल्या मनात गुणाकार करत होते. "सातशे अडुसष्ट. बाकी शून्य. कावळा." एवढं बोलून त्यांनी प्लॅनची गुंडाळी करून इंजिनिअरच्या हातात दिली.

आता मी बँकेत काम करतो, आकडा दिसला की हात गप्प बसत नाही. नऊनं गुणून आठानं भागलं काय आणि नुसतं आठानं भागलं काय, माप पूर्ण फुटांत असलं की बाकी तीच येते! कारण नऊ म्हणजे आठ अधिक एक. करून बघा की. आणि दुसरं म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही विषम घेतली की गुणाकार विषमच येणार, म्हणजे कुत्रं, गाढव, कावळा, धूर यांचा प्रश्नच मिटला. हे मी बाबांना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "शास्त्र आहे ते, तुझं लेजर न्हवं." इंजिनिअरला मात्र माझी आयडिया लई आवडली, त्यानं लगेच २३ बाय ३१ केलं, ७१३, बाकी एक, ध्वज. विषय संपायला पाहिजे होता.

पण बाबांना सिंह पाहिजे होता. त्यांच्या एका मित्राचं वडगावात घर आहे त्याला सिंह आय आहे, त्याचा मुलगा जर्मनीला गेला. मग इंजिनिअरनं पुन्हा गणित केलं, २३ बाय २९ घेतलं तर ६६७, बाकी तीन, सिंह बरोबर बसतो, फक्त लांबीतले दोन फूट जातात आणि ते जातात स्वयंपाकघरातनं. आई तोपर्यंत शेंगा सोलत गप्प बसली होती. "म्हणजे सिंह आत घ्यायचा आणि फ्रीज बाहेर ठेवायचा होय?" एवढंच बोलली. ध्वजावर सही झाली.

त्यानंतर कुणीतरी (नाव सांगत नाही, घरातलाच आहे) विचारलं की हे माप भिंतीच्या बाहेरून की आतून? नऊ इंची भिंत, दोन बाजूच्या मिळून दीड फूट, म्हणजे आतून २१.५ बाय २९.५, नऊनं गुणून आठानं भागलं की बाकी येते सव्वाचार. कुत्रा ओलांडून बैलाच्या वाटेवर पाव मजल मारलेली. आणि प्लास्टर धरायचं की नाही? इंजिनिअरनं त्या दिवशी चहा पण घेतला नाही.

आत्या चंदगडकडची. तिथं त्यांचं खळंच दोन गुंठ्यांचं, आणि आमचं सगळं साईट मिळून एका गुंठ्याहून जरासं जास्त, त्यामुळं ती आल्यापासून प्रत्येक खोलीला "ही कसली?" असंच विचारत होती. दहा बाय दहाची गेस्ट रूम बघून म्हणाली, "असल्या खोल्या तुमच्या हिंडलग्यात सरकार फुकट देतंय की." गेस्ट रूममध्ये वर्षातनं एकदा गणपतीला तीच येऊन राहणार, हे तिला कुणी सांगायचं.

मग स्वयंपाकघर आणि देवघर. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, इथवर सगळ्यांचं एकमत. पण पूर्वेची भिंत एकच आणि त्याच भिंतीला बायकोला युटिलिटी पाहिजे, म्हणजे वॉशिंग मशीन आणि भांडी घासायची जागा, आणि आईचं म्हणणं देवाच्या शेजारी मोरी चालणार नाही. दोघी एकमेकींशी भांडत नाहीत हो, दोघी माझ्याशी बोलतात. शेवटी आत्याला निवाडा करायला बसवलं. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला तेव्हा एका राज्याला तो मान्य आणि दुसऱ्याला अमान्य, तसंच झालं. मधली भिंत अजून पेन्सिलनंच आहे.

एलिव्हेशन हे खातं धाकट्या भावाकडं. तो बंगळूरला आयटीत असतो, घर बांधणार आम्ही, राहणार आम्ही, आणि समोरनं कसं दिसायचं ते ठरवणार तो, व्हिडिओ कॉलवर. त्यानं थ्रीडी पाठवला. निळं आभाळ, पांढरे शुभ्र चौकोनी डबे एकावर एक, मधे काच, गेटात लाल मोटार (आमची ॲक्टिव्हा आहे), आणि लॉनवर एक गोरी बाई कुत्र्याला फिरवतीय. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "ही कोण?" मग म्हणाली, "आणि तुळस कुठाय?"

मी विचारलं, खिडक्यांना छज्जा कुठाय? तर म्हणे क्लीन लूक आहे, छज्जा आउटडेटेड.

इथं मात्र माझं डोकं फिरलं. अरे बाबा, तू इथंच वाढलास ना? कणकुंबी-जांबोटीला पडतो तेवढा नसेल, पण बेळगावचा पाऊस सरळ पडतो का कधी? जूनमध्ये एकदा सुरू झाला की झड आडवी येते, पश्चिमेकडच्या भिंतीवर सप्टेंबरपर्यंत मारा, आणि दिवाळीला बघावं तर शुभ्र डब्याचा काळा-हिरवा डबा झालेला असतो. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराला कुणी एलिव्हेशन काढलं नव्हतं, पण मंगळुरी कौलं भिंतीच्या पुढं चांगली हात-दीड हात आलेली आहेत. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढून असली कौलं पाडायला घेतली, त्या जर्मन लोकांना इथला पाऊस कळला आणि आमच्या भावाला कळंना. आमच्या नव्या कॉलनीत फिरून बघा, लाखो रुपयांचं एलिव्हेशन आणि दोन पावसाळ्यांत गळायला लागलं म्हणून वर टेरेसवर लोखंडी खांब उभे करून निळे पत्रे. मी म्हणतो थ्रीडी काढणाऱ्यानं पहिल्यापासूनच पत्रे दाखवावेत, मनाची तयारी तर होईल.

आणि माझा एक प्रश्न आहे तो मी प्रत्येक मीटिंगला विचारतो, प्रत्येक मीटिंगला लोक हसतात. पावसाळ्यात कपडे कुठं वाळत घालायचे? चार महिने घराघरात काय असतं? हॉलमध्ये दोरी, दोरीवर टॉवेल, फॅन पाचवर, खुर्चीच्या पाठीवर पोरांचे युनिफॉर्म, आणि जीन्सला तो कुबट वास येतो म्हणून आई फ्रीजच्या मागं नेऊन अडकवते. पाहुणा आला की सगळं उचलून बेडरूममध्ये फेकायचं. प्लॅनमध्ये टीव्ही युनिटला जागा आहे, शू रॅकला आहे, येणार की नाही माहीत नसलेल्या मोटारीला आहे, ओल्या छत्रीला नाही. इंजिनिअर म्हणाला, "सर, ते नंतर ॲडजस्ट होतंय." गोकाककडचा मिस्त्री शेजारी उभा होता, तोही कन्नडमध्ये म्हणाला, "आगतैत्री," म्हणजे होतंय हो. त्याला काय विचारलंय ते न ऐकताच म्हणाला, कारण तो सगळ्यालाच तसं म्हणतो.

लाईन आउटच्या दिवशी सगळे साईटवर. जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं खोल्या आखलेल्या. फक्कीतलं घर बघून माणूस घाबरतोच, एवढंसं दिसतं. बाबा हॉलमध्ये उभे राहून हात पसरून बघत होते, बायको आपल्या ओट्याच्या जागी उभी राहून नसलेला मिक्सर कुठं ठेवायचा ते ठरवत होती, आत्या चहाचा कप घेऊन नेमकी टॉयलेटमध्ये उभी होती आणि "इथं वारा चांगला येतोय" म्हणत होती. इंजिनिअर बिचारा खुश होता. "आता फायनल हं बाबा, उद्या जेसीबी येतोय, यापुढं बदल नाही."

तेवढ्यात कंपाउंडच्या पलीकडनं शेजारचे काका, बनियनवर, हातात पाण्याचा पाईप. बराच वेळ बघत असावेत.

"जिना उलटा चढतोय की हो तुमचा. घड्याळाच्या काट्याप्रमाणं पाहिजे."

बाबा वळले. इंजिनिअरनं खिशातनं गाडीची किल्ली काढली.