अहो, सोमवारी जॉली बॉय बंद असतं!

अंदमानचं तिकीट सहा महिने आधी काढायचं आणि वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवायचा नेमका सोमवार! साप्ताहिक सुट्टी असते हो सोमवारी. दरवर्षी तेच. जुलैत जाणारे वर हटून बसतात, ‘जॉली बॉयच दाखवा’. उद्यानातलं ते बेट साधारण नोव्हेंबर ते मे खुलं. पावसाळ्यात रेड स्किन हे दुसरं बेट. प्रवाळाला उसंत नको?

परवाना वन विभागाचा, तो आधीच काढा. ऐनवेळी वंडूरच्या धक्क्यावर हुज्जत घालून बोट मिळत नाही. मूळ ओळखपत्र जवळ हवं. बोटी सकाळीच सुटतात आणि पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) तिथवर पाऊण-एक तास लागतो, म्हणजे हॉटेलातला निवांत नाश्ता विसरा.

आणि ते प्लास्टिक! तिथं चालत नाही हो. बेटावर दुकान नाही म्हणून खाऊ न्यायचाच, पण भाकरवडी कंपनीच्या पाकिटातच कशाला? धक्क्यावर पिशव्या उघडतात, मग चिवडा कशात ओतायचा यावर अख्ख्या कुटुंबाची परिषद. स्टीलचा डबा, स्टीलची बाटली, कापडी पिशवी. एवढं करूनही पाण्यात उतरले की फोटोसाठी प्रवाळावरच उभे! जिवंत असतं ते, दगड नव्हे.